प्लास्टरातल्या हाताला पिंप्राळ्याचा डबा

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या मावशींचा डबा मी गेल्या उन्हाळ्यापासून घेते आहे. हाड मोडलेल्या, आणि त्याआधीपासून वजनासाठी मोजून-मापून खाणाऱ्या बाईला मी जळगावात दुसरा डबा सुचवणार नाही. पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा का कापला तेही पुढे सांगते. मावशींचं नाव-पत्ता इथे देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं आहे. त्यांच्या ओट्यावर चाळीसच्या वर डबे निघत नाहीत आणि सध्या जागा भरलेली आहे. तरी लिहिते आहे, कारण जळगावात काय, भुसावळात, धुळ्यात, अमळनेरात काय, घरगुती डबे देणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. नेमकं काय मागायचं ते माहीत असलं की त्यांच्याकडूनही असा डबा करून घेता येतो.

माझं शिलाईचं काम आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, लग्नसराईत शिवलेली नऊवारी. उजवं मनगट म्हणजे माझी रोजीरोटी. वय बावन्न, पाळी थांबलेली. गुडघे दुखायचे, साखर काठावर आली होती, म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि दिवसाला १२०० कॅलरींचा तक्ता दिला. त्यासाठी शहरातल्या एका डाएट डब्याच्या सेवेकडून जेवण घेत होते. सूप, मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर, एक फुलका, वाटीभर भाजी. वजन ७४ वरून ६६ वर आलं, साखर खाली आली, जिना चढताना गुडघा कुरकुरायचा थांबला. वजन उतरवण्यापुरता तो डबा चोख होता. मात्र ओट्याच्या पायरीवरून घसरून उजवं मनगट मोडलं, प्लास्टर झालं, आणि तक्ता बदलून द्याल का असं मी विचारलं तेव्हा त्यांच्याकडे बदलण्यासारखं काही नव्हतं. १२०० चा डबा, नाहीतर १००० चा. मी तो बंद केला.

डबा का बदलावा लागला हे नीट सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, हात मोडल्यावर कौतुकाने चार घास जास्त खायची सबब मिळाली.

हाड मोडतं तेव्हा तिथे आधी रक्त साकळतं आणि सूज येते. ती सूज लागते, तिथूनच कामाला सुरुवात होते. मग दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या टोकांमध्ये मऊ, कूर्चेसारखा जोड तयार होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा कच्चा टाका. कापड जागेवर धरून ठेवतो, पण ओढलं की उसवतो. त्यावर पुढे चुना चढतो, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार बसतात, आणि पक्की शिलाई होते. मनगटाला प्लास्टर साधारण पाच-सहा आठवडे असतं ते या कच्च्यातून पक्क्यात जायच्या काळासाठी. त्यानंतरही आतलं हाड महिनोन् महिने आपला आकार सुधारत राहतं.

लोक हाड म्हटलं की फक्त कॅल्शियम धरून बसतात. मी जळगावच्या मू. जे. महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आहे, त्यामुळे हे मला पहिल्यापासून खटकतं. हाडात क्षार असतात तसा कोलॅजनचाही सांगाडा असतो, आणि कोलॅजन म्हणजे प्रथिन. आधी सांगाडा विणला जातो, मग त्यावर क्षार बसतात. सांगाडाच विरळ असेल तर गोळीतलं कॅल्शियम बसणार कुठे? आणि शरीराला रोजच्या गरजेपेक्षा कमी ऊर्जा मिळत असली की ते खाल्लेल्या प्रथिनातलं बरंचसं सरपणासारखं जाळून टाकतं. म्हणजे १२०० कॅलरीत डाळ खाल्ली तरी ती हाडाकडे पोचेलच असं नाही. पोटाला चिमटा काढून हाड जोडायला निघणं म्हणजे शरीराकडून एकाच वेळी दोन उलटी कामं मागणं.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. तिने मला अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाबद्दल सांगितलं. कॅलेरी हे त्याचं नाव. धडधाकट, लठ्ठ नसलेल्या माणसांनी दोन वर्षं २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास जमलं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं सुधारलं. पण कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मात्र नेहमीसारखं खाणाऱ्यांपेक्षा जास्त घटली. वजन उतरलं की थोडं हाडही उतरतं. हाडावर पडणारा भार कमी होतो आणि संप्रेरकंही बदलतात. पाळी थांबलेल्या बाईचं इस्ट्रोजेन आधीच गेलेलं असतं, तिला हा दुसरा धक्का. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवणाऱ्यांची हाडं जास्त झिजतात आणि सोबत वजन उचलण्याचे व्यायाम करणाऱ्यांची झीज बरीच आटोक्यात राहते, हेही तिनेच समजावलं. वजन उतरवू नये असं मी मुळीच म्हणत नाही. माझ्या गुडघ्यांना आणि साखरेला त्याचा फायदा झालेला आहे. फक्त हाड जुळत असताना ते काम थांबवायचं.

हाडांच्या डॉक्टरांनी नेमकं हेच सांगितलं. त्यांच्या इथल्या आहारतज्ज्ञ ताईंनी कागदावर लिहून दिलं: १६०० ते १७०० कॅलरी, प्रथिनं ७० ग्रॅम, कॅल्शियम गोळी धरून १२०० मिलीग्रॅम, वजन आहे तिथे ठेवा. पाळी थांबलेल्या बायकांसाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीतही कॅल्शियमचा आकडा १२००च आहे, इतर मोठ्या माणसांना १०००. प्रथिनांची नेहमीची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, मला किलोमागे १ ग्रॅमच्या थोडं वर सांगितलं.

हा कागद घेऊन मी मावशींकडे गेले. ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका गिऱ्हाईक ताईंनी पत्ता दिला होता. मावशी पारोळ्याकडच्या, साठीच्या, बोलणं अहिराणी. कागद त्यांनी सुनेकडून वाचून घेतला, माझ्या प्लास्टरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आते पोट मारू नको, माय. हाड जुडाले येळ लागस." मग मला काय आवडतं ते विचारायच्या आधी त्यांनी विचारलं की दूध पचतं का, मूतखडा कधी झाला होता का, किडनीचं काही आहे का, आणि डाव्या हाताने जेवता येतं का. डबा देणाऱ्या बाईने असे प्रश्न विचारलेले मी आजवर पाहिले नव्हते. त्यांच्या सासूबाईंचा खुबा मोडला होता, तेव्हापासून हे कळतं म्हणाल्या. सूनबाईंकडे छोटा डिजिटल काटा आहे. त्या पीठ, डाळ, दही वजन करून घालतात. माझा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला, तो अजून तिथे आहे.

आता जेवण.

या डब्याचा कणा म्हणजे कळण्याची भाकरी. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून, मीठ घालून केलेल्या पिठाची ही भाकरी. मावशी तीन वाटे ज्वारी आणि एक वाटा सालाचे उडीद घेतात. आपण ती ठेचा आणि तेलासोबत चवीने खातो, पण हाड जुळायला यासारखं धान्य नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा प्रथिनाचा एक आवश्यक घटक कमी पडतो, उडदात तो भरपूर असतो. उडदात जे कमी ते ज्वारीत मिळतं. म्हणजे दोन्ही मिळून प्रथिन पुरं होतं. माझ्या हिशेबाने दोन मध्यम भाकऱ्यांना १२० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यातून १६ ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळतं. तेवढ्याच पिठाच्या नुसत्या ज्वारीच्या भाकऱ्यांतून १२ मिळालं असतं. जुन्या डब्यातला एकटा फुलका याच्या जवळपास येत नाही. चवीला म्हणाल तर भाकरी खरपूस, कडेला पापुद्रा सुटलेला, उडदाचा किंचित चिकटपणा. बारा वाजता थापलेली माझ्याकडे एकला येते तेव्हाही मऊ असते.

दुसरी गोष्ट फुणके आणि कढी. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात कांदा, कोथिंबीर, लसूण, मिरची घालून मुटके वाफवायचे आणि पातळ कढीसोबत खायचे. मावशी एका माणसाला ५० ग्रॅम डाळीचे फुणके देतात, म्हणजे ११ ग्रॅम प्रथिन, आणि तेल जवळजवळ शून्य. वर कढीतलं दही. वजन धरून ठेवायचं असलेल्या माणसाला याहून चांगलं जेवण कोणत्या आहार-दुकानात मिळेल असं मला वाटत नाही. पूर्वी आमच्या घरी हे पाहुणे आले की व्हायचं. आता बुधवारची मी वाट बघते.

बाकी दिवस आलटून पालटून फौजदारी डाळ (आमची झणझणीत खानदेशी डाळ), मटकीची उसळ, डुबुकवड्या (रश्श्यात सोडलेल्या बेसनाच्या वड्या), पनीर घातलेली गिलक्याची भाजी, गंगाफळ (लाल भोपळा). रोज दह्याची वाटी, रोज तिळाची चटणी. चटणीला मावशी सालासकट तीळ वापरतात, कारण तिळातलं कॅल्शियम बहुतेक सालात असतं. पांढरेशुभ्र सोललेले तीळ दिसायला सुरेख, पण त्या बाबतीत रिकामे. दोन चमचे चटणीत १० ग्रॅम तीळ धरले तर १०० मिलीग्रॅम कॅल्शियम. सालातल्या ऑक्झलेटमुळे (ते कॅल्शियमला बांधून ठेवतं) ते सगळं अंगी लागत नाही, पण चटणीवर सगळी भिस्त ठेवायची नसतेच.

पोकळ्याची (राजगिऱ्याच्या जातीची पालेभाजी) घोटलेली भाजी आठवड्यात दोनदा असते. १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पण ऑक्झलेट त्यातही असतं, म्हणून सगळं अंगी लागत नाही. पालकही कधी येतो, पण सूनबाई तो कॅल्शियमच्या हिशेबात धरत नाहीत आणि ते बरोबर आहे. पालकातल्या ऑक्झलेटमुळे त्यातलं कॅल्शियम ५ टक्क्यांच्या आसपासच शरीरात शिरतं. दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास.

नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मावशी नंदुरबारकडून मागवतात. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. सकाळी आंबील, ताकात कालवून, वर जिरं आणि लसूण. रात्रभर आंबवल्याने त्यातलं फायटेट (क्षार अडवून धरणारं द्रव्य) कमी होतं आणि क्षार अंगी लागायला सोपे जातात. जळगावच्या मे महिन्यात, ४४ अंश उन्हात, सकाळी पोटात गेलेली ती थंड आंबील मला औषधाहून मोलाची वाटली. झोप न लागलेल्या रात्रीनंतर, हात उशीवर ठेवून बसलेली असताना, तेवढीच एक गोष्ट मनापासून खावीशी वाटायची.

दिवसाची बेरीज अशी लागते. घरचं पेलाभर दूध २४०, दही नाहीतर कढीतून १५०, आंबिलीतून १४०, तीळ १००, डाळी-भाज्यांतून आणखी शे-दोनशे, पोकळा असेल त्या दिवशी थोडं वर. सातशे-आठशे जेवणातून जमतं, उरलेल्यासाठी डॉक्टरांनी ५०० ची एक गोळी दिली. ती कार्बोनेटची आहे, जेवणासोबत घ्यायची. रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊनही उपयोग नसतो.

इथे केळ्याबद्दल बोलायलाच हवं. आपल्या जिल्ह्याची केळी, भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि हात मोडल्याचं कळल्यावर भेटायला येणारा जो तो फणी घेऊन आला. "केळं खा, हाड भरेल." केळं पोटाला चांगलं, पोटॅशियम चांगलं, भूक लागली तर उत्तम. पण १०० ग्रॅम केळ्यात कॅल्शियम पाच-सहा मिलीग्रॅम. हाड त्याने भरत नाही. मावशी केळं देतात ते संध्याकाळच्या भुकेला, आणि तेही शेंगदाण्याच्या मूठभर दाण्यांसोबत. लिंबाची फोड मात्र डब्यात रोज असते, कारण कोलॅजन विणायला क जीवनसत्त्व लागतं. हिवाळ्यात तिची जागा आवळ्याच्या लोणच्याने घेतली तेव्हा मी तक्रार केली. शिजवून, मुरवून बरंचसं क जीवनसत्त्व जातं आणि वर मीठ येतं. दुसऱ्या दिवसापासून लिंबू परत आलं, आवळा ताजा किसून आला.

आता एका हाताची गोष्ट. याचा विचार कुठलाच डबेवाला करत नाही. कडीचा स्टीलचा डबा उघडायला दोन हात लागतात. एकाने दाबायचं, दुसऱ्याने कडी सोडायची. दुपारी घरात मी एकटी. पहिल्या दिवशी शेजारच्या वहिनींना हाक मारली. मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी माझा डबा बदलला. बसकी भांडी, सैल झाकणं आणि सगळं एका फडक्यात, गाठ न मारता नुसतं दुमडलेलं. पोळी एका हाताने तुटत नाही, भाकरी तुटते. तीही कठीण जाते म्हणून त्या महिन्याभरात माझी भाकरी चतकोर करून यायची. वरण नेहमीपेक्षा घट्ट, म्हणजे डाव्या हाताने चमच्याने उचललं तरी सांडू नये. भाकरी वरणात कुस्करून काला केला की काम होतं, आणि कळण्याची भाकरी काल्यात लगदा होत नाही, गव्हाची होते. डाव्या हाताने जेवायचं मनाला लागतं. आपल्याकडे ते बरं दिसत नाही असं लहानपणापासून ऐकलेलं. मावशींनी एकदाही त्यावर शब्द काढला नाही, फक्त एक लांब दांड्याचा चमचा डब्यात घालून दिला. त्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटला तो या चमच्यामुळे.

उपवासाचं त्यांनी चांगलं सांभाळलं. आषाढी एकादशीला बहुतेक डब्यांत साबुदाण्याची खिचडी असते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिन नावालाही नाही. मावशींनी राजगिऱ्याची भाकरी, भगर, दाण्याची दाट आमटी आणि दही दिलं. श्रावणातले सोमवार मी एरवी एकभुक्त करते. यंदा डॉक्टरांनी नको सांगितलं तेव्हा मावशींनी दोन वेळचा उपवासाचा डबा दिला, त्यामुळे व्रतही मोडलं नाही आणि पोटही रिकामं राहिलं नाही.

आता अर्धा गुण.

संध्याकाळचा डबा उशिरा येतो. त्यांचा मुलगा कामावरून सुटल्यावर गाडीवरून वाटतो, कधी आठ, कधी सव्वानऊ. साखर काठावर असलेल्या माणसाला ही वेळ चालत नाही, मी साडेसातला केळं-शेंगदाणे खाऊन थांबते. उन्हाळ्यात दुपारची कढी पोचेपर्यंत आंबट होते; मे महिन्यात दही आणि कढी दोन्ही सकाळी आंबिलीसोबतच पाठवून द्या असं सांगावं लागलं. रविवारी संध्याकाळी बंद. तेल आणि मीठ हे खरं दुखणं आहे. मोजतात सगळं, पण फोडणी हाताने पडते. फौजदारी डाळीवर तर्री आली पाहिजे हा त्यांचा मान आहे, आणि शेवभाजीच्या दिवशी तळलेली शेव, तिखट, मीठ असं सगळं एकदम येतं. मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं, हे मी सूनबाईंना सांगितलं. तेव्हापासून माझ्या डब्यात पापड आणि बिबडे येत नाहीत, शेवभाजीऐवजी उसळ येते. हिवाळ्यात बामणोदच्या वांग्याचं भरीत सुरू झालं, तुरीच्या काड्यांवर भाजलेलं. त्याच्यावर तेलाचा तवंग असतोच; ते मी थोडं निथळून खाल्लं आणि सोडलं मात्र नाही. वर्षाचे दोन-तीन महिने मिळणारी वस्तू आहे.

अंडी त्या देत नाहीत, त्यांच्या घरात चालत नाहीत. जे खातात त्यांनी घरी दोन उकडून घ्यावीत, १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिन सहज मिळतं. पायाच्या सूपबद्दल मला अनेकांनी विचारलं. मी शाकाहारी आहे म्हणून नाही म्हणत, पण हाडं उकळून पाण्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही.

डब्याने जे होत नाही तेही सांगते. ड जीवनसत्त्व कुठल्याच भाकरीत नाही. एवढं ऊन असलेल्या जिल्ह्यात आपण बाया तोंडाला स्कार्फ, हातात मोजे घालून फिरतो आणि दुपारी दारं लावून बसतो. माझ्या रक्तात ते कमीच निघालं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, असा ठरावीक कोर्स दिला. ती जेवणानंतर घ्यायची, कारण ते स्निग्ध पदार्थासोबत शोषलं जातं. कोर्स संपला की मनाने सुरू ठेवायची नाही, जास्त झालं तर बाधतं. आणि उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं ही या वयात हाडं तपासायची सूचना असते. माझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली; तिचा आकडा, टी-स्कोअर, उणे १.८ आला. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. मी मधल्या पट्ट्यात आहे. वजन उतरवायला लागणाऱ्या प्रत्येक पन्नाशीच्या बाईने सुरुवातीलाच डॉक्टरांना हाडांबद्दल विचारावं असं मला कळकळीने वाटतं. गुडघ्यांचं, साखरेचं सगळे विचारतात, हाडांचं कुणी विचारत नाही.

प्लास्टर वेळेवर निघालं. एक्सरेत जोड चांगला दिसला, वजन ६६ च्या आसपासच राहिलं. हे सगळं डब्यामुळे झालं असं म्हणणं डॉक्टरांवर आणि माझ्या नशिबावरही अन्याय ठरेल. हाड नीट बसवलेलं होतं, मला तंबाखू-मिश्रीची सवय नाही, आणि तंबाखूने जोड लांबतो. पण अशक्तपणा आला नाही, केस गळाले नाहीत, आणि प्लास्टरबाहेर आलेला हात पाहून भाची म्हणाली की दंड वाटला होता तेवढा वाळलेला नाही. चेंडू दाबणं, मग भिंतीला हात टेकून व्यायाम, मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली उचलणं, असं तिने हळूहळू वाढवलं. कात्री सर्वांत शेवटी धरता आली. जाड खणाचं कापड कापताना अजून कळ येते.

सध्या डॉक्टरांच्या परवानगीने पुन्हा थोडं वजन उतरवते आहे, १५०० कॅलरींवर, महिन्याला किलोभराहून जास्त नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम तेवढंच ठेवलं आहे. कमी केली ती भाकरी, तेही अर्धीच, आणि भात. मावशींनी नवा कागद जुन्याच्या शेजारी लावला. ज्यांना किडनीचा त्रास आहे किंवा मूतखडे होतात त्यांनी हे आकडे उचलू नयेत, आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत.

दोन वेळच्या डब्याचा दर महिन्याला ३,८०० रुपये, आंबिलीचे ४०० वेगळे. आधीच्या डाएट डब्याला मी याच्या दीडपट देत होते. बदल आदल्या रात्री नऊच्या आत सांगावा लागतो, दुपारी त्या फोन उचलत नाहीत. आंबील मागितल्याशिवाय येत नाही, आणि तिचं पीठ रात्रीच भिजत पडायला हवं, म्हणून सकाळी फोन करून मिळणार नाही.